उंबरठ्याबाहेरचे मांजर कोणाचे?

पाळीव मांजर घरात ठेवावे की मोकळे सोडावे, हा वाद परदेशांत कायद्यापर्यंत पोहोचला आहे. गोव्यासारख्या छोट्या, दाट वस्तीच्या आणि जंगलाला लागून असलेल्या राज्याने त्यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये?

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाने २०२५ मध्ये देशभर गदारोळ माजवला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट रोजी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल झाला आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता, इतरांना मूळ जागी सोडण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या ठिकाणांहून कुत्री हटवण्याचे निर्देश आले. प्राणिप्रेमी आणि त्रस्त नागरिक यांच्यात सरळ दोन तट पडले. या साऱ्या चर्चेत मांजर मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

वास्तविक त्याच वर्षाच्या प्रारंभी मांजराने स्वतःकडे लक्ष वेधून घेण्यासारखी घटना घडली होती. मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला आणि प्रशासनाला तेथील कोंबडी बाजार बंद करावा लागला. त्याच सुमारास, छिंदवाड्यापासून फार दूर नसलेल्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले होते. मांजराला हा संसर्ग होतो तो प्रामुख्याने आजारी पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने. म्हणजे शेजारच्या कोंबडी दुकानामागे रेंगाळून रात्री घरातल्या अंथरुणावर येऊन निजणारे मांजर हे बाजार आणि शयनगृह यांच्यातील दुवा ठरू शकते. ‘मांजर आहे, ते फिरणारच’ हे वाक्य आपल्याकडे ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेचा फेरविचार करावा, असे सांगणारी ही घटना होती.

परदेशांतील कायदे आणि त्यांमागची कारणे

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा ज्या प्रदेशात आहे, तेथे १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवणे बंधनकारक आहे. जर्मनीतील वालडॉर्फ या छोट्या शहराच्या दक्षिण भागात २०२२ मध्ये प्रशासनाने मांजरांना ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवण्याचा आदेश काढला आणि पुढील वर्षांत एप्रिल ते ऑगस्ट हा काळ बंदीचा ठरवला. कारण होते जमिनीवर घरटे करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलाची मोजकीच उरलेली जोडपी. स्कॉटलंडमध्ये २०२५ च्या आरंभी सरकारला सल्ला देणाऱ्या प्राणिकल्याण आयोगाने संवेदनशील भागांत मांजरांवर बंधने आणण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. त्यावर इतका गहजब झाला की मांजरांवर बंदी घालण्याचा कोणताही विचार नाही, असा खुलासा तेथील प्रथममंत्री जॉन स्विनी यांना करावा लागला. न्यूझीलंडने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जंगली बनलेल्या मांजरांचा समावेश आपल्या शिकारीप्राणी-निर्मूलन मोहिमेत केला. पाळीव मांजरे त्यातून वगळली.

या निर्णयांच्या पाठीशी अभ्यास आहेत. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, त्या देशात मोकाट फिरणारी मांजरे दरवर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज मांडला. त्यातील मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता, हा तपशील मात्र चर्चेत अनेकदा गळून पडतो. जगभरात पक्षी, सस्तन प्राणी व सरपटणारे प्राणी मिळून ६३ प्रजाती नामशेष होण्यात मांजरांचा हात होता, असे २०१६ च्या एका संशोधनाने दाखवले. यांतील बहुसंख्य प्रजाती बेटांवरच्या होत्या. मांजरासारखा शिकारी जेथे कधीच नव्हता, तेथे पक्ष्यांनी त्याच्यापासून पळण्याची सवयच लावून घेतली नव्हती.

नेमका येथेच भारताचा आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा मार्ग वेगळा होतो. भारतात लहान-मोठ्या मार्जारकुळातील प्राणी हजारो वर्षांपासून आहेत. पाळीव मांजराचा पूर्वज असलेल्या आफ्रिकी-आशियाई रानमांजराचे भाऊबंद आजही कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या मुलखात फिरतात. येथील बुलबुल, दयाळ किंवा सातभाई यांना मांजर म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. सातभाईंचा थवा मांजर दिसताच जो कलकलाट करतो, तो या जुन्या ओळखीचाच पुरावा. ब्रिटनमध्येही, बागेतील मांजरांमुळे तेथील पक्ष्यांची संख्या घटत असल्याचा स्पष्ट शास्त्रीय पुरावा नाही, अशी भूमिका पक्षीसंरक्षणासाठी काम करणारी आरएसपीबी ही मोठी संस्थाच घेत आली आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा कायदा उचलून जसाच्या तसा गोव्यात लागू करावा, हा युक्तिवाद टिकत नाही.

तथापि, याचा अर्थ मांजराला मोकळे रान द्यावे, असाही होत नाही. रानातील शिकारी उपाशी राहतो, मरतो, आणि त्याची संख्या भक्ष्याच्या प्रमाणात राहते. घरच्या मांजराला दोन वेळचे अन्न मिळते, आजारपणात औषध मिळते, आणि तरीही ते शिकार करते. सहा देशांतील ९२५ मांजरांना जीपीएस पट्टे लावून केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ही मांजरे प्रामुख्याने घरापासून सुमारे शंभर मीटरच्या परिघातच शिकार करतात; परंतु त्या छोट्या परिघात त्यांचा भार तेवढ्याच आकाराच्या रानटी शिकाऱ्याच्या चार ते दहापट पडतो. जंगलाचे मोठे नुकसान कदाचित होत नसेल; आपल्या परसातील दयाळाचे घरटे मात्र रिकामे होते.

गोव्यातील तीन भूभाग

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. या एवढ्याशा भूमीत मांजराच्या दृष्टीने तीन निरनिराळे प्रदेश सामावले आहेत, आणि तिन्हींना एकच नियम लावणे चुकीचे ठरेल.

पहिला प्रदेश पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को येथील सदनिकांचा. येथे मांजराचे ‘बाहेर’ म्हणजे जिना, वाहनतळ आणि रस्ता. वाहनाच्या इंजिनाखाली ऊब शोधणारे पिल्लू, चौथ्या मजल्याच्या जाळी नसलेल्या खिडकीतून कबुतरावर झेप घेणारे मांजर, शेजाऱ्याच्या कुंड्यांत केलेली घाण आणि त्यातून सोसायटीच्या बैठकीत होणारी वादावादी हे सारे येथलेच. या प्रदेशात मांजर घरात ठेवणे हेच मांजराच्या व माणसाच्या हिताचे आहे, याबद्दल फारशी शंका घेण्यासारखी स्थिती नाही.

दुसरा प्रदेश जुन्या गावांचा: वाड्यावरची घरे, बाल्कांव, परसू, नारळ-आंब्याची झाडे, भाताची कोठी. येथे मांजर शोभेसाठी पाळलेले नव्हते. ते उंदरांसाठी ठेवले जात असे. माशांचे काटे आणि उरलेला भात ही त्याची मजुरी. ज्या राज्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते, तेथे उंदीर कमी असणे ही लहान गोष्ट नव्हे. अशा घरात पिढ्यान्‌पिढ्या आत-बाहेर करणाऱ्या मांजराला एकाएकी कोंडून घालणे व्यवहार्यही नाही आणि न्याय्यही नाही.

तिसरा प्रदेश सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतील जंगलकाठाचा. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये आणि त्यांना बिलगलेली कुळागरे यांच्यामध्ये कुंपण नाही. येथे मांजर शिकारी असते आणि भक्ष्यही. महाराष्ट्रातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव व वस्तीतील प्राण्यांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के आणि मांजरे १५ टक्के. अकोल्याचा ऊसपट्टा आणि सत्तरीचे डोंगर एक नव्हेत, हे खरे. परंतु रात्री अंगणात मोकळे असलेले कुत्रे-मांजर बिबट्याला घराच्या पायरीपर्यंत आणते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू पडते. बिबट्या गावात शिरला म्हणून वनखात्याला दूरध्वनी करणाऱ्या घराने आपल्या ओसरीवर रात्री काय मोकळे असते, याचाही विचार करायला हवा.

जंगलकाठावर आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. पाळीव मांजरांतील काही आजार रानातील मार्जारकुळाला होऊ शकतात. शिवाय स्कॉटलंडमधील रानमांजराची अवस्था डोळ्यांसमोर आहे. मोकाट पाळीव मांजरांशी संकर होऊन त्याचा मूळ वंशच जवळजवळ पुसला गेला, आणि अखेर २०२३ पासून बंदिवासात वाढवलेली रानमांजरे केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत सोडण्याची वेळ आली. गोव्यात तशी वेळ आलेली नाही. ती येऊ नये, यासाठीची खबरदारी मात्र आजच स्वस्तात घेता येते.

कुत्र्याने मिळवलेले मांजराने घालवू नये

गोव्याच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा मुद्दा आरोग्याचा आहे. रेबीज नियंत्रणात या राज्याने केलेले काम देशात आदर्श मानले जाते. घरोघर व गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, शाळांतून जागृती आणि संशयित प्राण्यांवर सतत पाळत या त्रिसूत्रीमुळे २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले.

जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यामुळे घडतात. म्हणून मोहिमेचा रोख कुत्र्यावर असणे योग्यच होते. पण मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्यातूनही तो माणसाला होऊ शकतो. कुत्रा चावला तर घरातील माणसे धावत दवाखान्यात जातात. मांजराने ओरखडले तर हळद लावून गप्प बसतात. लसीकरण झालेल्या मांजराच्या बाबतीत हा निष्काळजीपणा कदाचित महागात पडणार नाही. परंतु दिवसभर कुठे होते, कोणाशी भांडले, हे कोणालाच ठाऊक नसलेल्या आणि लस न टोचलेल्या मांजराच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. मांजराला बाहेर सोडण्याचा हक्क ज्यांना हवा आहे, त्यांनी दरवर्षीच्या लसीची नोंदही दाखवली पाहिजे.

दुसरा मुद्दा संख्येचा. मादी मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा ती व्यायते. ‘एकदा पिल्ले होऊ देऊ, मग पाहू’ असे म्हणणाऱ्या घराची पिल्ले अखेर पोत्यात घालून मासळी बाजाराजवळ सोडली जातात. आज मार्केटच्या ओट्यांखाली दिसणारी रोगट, डोळे चिकटलेली पिल्ले आकाशातून पडलेली नाहीत. ती कोणाच्या तरी घरच्या मांजराची दुसरी-तिसरी पिढी आहेत. मांजर आत ठेवावे की बाहेर, या प्रश्नाच्या आधी निर्बीजीकरणाचा प्रश्न सुटला पाहिजे, तो यामुळेच.

कोंडण्याचीही किंमत असते

मांजर घरातच ठेवा, असे सांगणे सोपे आहे. पण दोन खोल्यांच्या जागेत, दिवसभर कोणी नसताना, खेळायला काही नाही, चढायला जागा नाही, खिडकीतून दिसायला आकाश नाही अशा स्थितीत ठेवलेले मांजर सुरक्षित असले तरी सुखी नसते. लठ्ठपणा, ताणामुळे उद्भवणारे मूत्रमार्गाचे विकार, फर्निचर ओरबाडणे, अकारण चावणे हे घरकोंड्या मांजरांचे नेहमीचे त्रास आहेत. आत ठेवण्याचा अतिरेक काय रूप घेतो, हे पुण्याच्या हडपसर भागात २०२५ मध्ये उघडकीस आले. तेथील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे ठेवल्याच्या तक्रारीवरून प्रशासनाला कारवाई करावी लागली. मायेपोटी मांजरे गोळा करणे आणि त्यांची काळजी घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

कायद्यानेही दोन्ही टोके ओळखली आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्राण्याला अपुऱ्या जागेत कोंडणे हा गुन्हा मानतो आणि पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हाही. त्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड पन्नास रुपयांपर्यंतच आहे, ही शोकांतिका वेगळी. मात्र मांजराला विष घालणाऱ्या शेजाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजाऱ्याचा त्रास खरा असला तरी त्यावरचा उपाय विषाची पुडी हा नव्हे.

घंटेपेक्षा उपयोगी उपाय

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा उंदरांच्या सभेतला प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. संशोधनाचा कौल असा की घंटा बांधूनही विशेष काही साधत नाही. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घंटेचा शिकारीवर ठळक परिणाम दिसला नाही. उलट मांसप्रथिने भरपूर असलेला आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि मालकाने रोज पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यात भडक रंगाचे कापडी वेष्टन घातल्यावर पकडलेल्या पक्ष्यांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली. म्हणजे मांजराला कोंडल्यावाचूनही बरेच काही करता येते. त्यासाठी मालकाला मात्र उठावे लागते.

यातून गोव्यासाठी एक क्रम सुचतो. प्रत्येक पाळीव मांजराचे निर्बीजीकरण व रेबीजविरोधी लसीकरण ही पहिली, सर्वत्र लागू असणारी अट असावी. त्यानंतर मांजराने दिवे लागणीच्या वेळी घरात यावे आणि सकाळ चांगली उजाडल्यावरच बाहेर जावे, ही सवय लावावी. संध्याकाळचे जेवण ठरलेल्या वेळी घरातच दिले, तर मांजर ती वेळ चुकवत नाही. बिबट्या, भरधाव वाहने, रात्रीची भांडणे आणि पहाटे दाणे टिपणारे पक्षी या साऱ्यांचा प्रश्न एवढ्या एका सवयीने पुष्कळसा हलका होतो. जंगलकाठच्या गावांत आणि पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत हा नियम अधिक कडक असावा. शहरी सदनिकांत मांजर पूर्णपणे घरात ठेवावे, पण खिडक्यांना भक्कम जाळी, चढण्यासाठी फळ्या आणि रोजचा खेळ यांसह.

शासनाचा वाटाही येथे येतो. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांसाठीही परवाना लागू करण्याचा निर्णय घेतला. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला सूक्ष्मचिप बसवणे सक्तीचे झाले आहे. तेथे मांजरे आजही मोकळी फिरतात, पण प्रत्येकाचा धनी कोण हे कळते. गोव्यातील पालिका व पंचायतींना यातून घेण्यासारखे आहे. कोंडण्याची सक्ती अमलात आणणे कोणत्याही पंचायतीला झेपणार नाही. नोंदणी, सवलतीच्या दरात शस्त्रक्रिया आणि कुत्र्यांच्या लसीकरणासाठी दारात येणाऱ्या पथकानेच घरच्या मांजरालाही लस टोचणे, हे मात्र झेपू शकते. रेबीजविरोधी मोहिमेने गावोगावची घरे आधीच पालथी घातली आहेत. ती वाट नव्याने पाडायची नाही.

या प्रश्नात मांजराच्या स्वातंत्र्याची भाषा वारंवार वापरली जाते. ती फसवी आहे. दार उघडे ठेवायचे की बंद, हे मांजर ठरवत नाही. ते घरातील माणूस ठरवतो आणि त्या निर्णयाचा भार कधी शेजारी उचलतो, कधी पक्षी, आणि बहुतेकदा ते मांजरच. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजते, असे आपण म्हणतो. सध्या डोळे मिटून घेतले आहेत ते मांजर पाळणाऱ्यांनी. उंबरठा ओलांडून गेलेले मांजरही त्या घराचेच असते, एवढे मान्य केले की पुढचे बरेचसे वाद आपोआप मिटतील.